छटाकच्या ओल्या चादरी

३ जुलै

वन्सं,

नमस्कार. फोनवर तुम्हाला आता धड ऐकू येत नाही आणि मला ओरडून बोलणं जमत नाही. परवा मी "छटाक घरात लघवी करते" असं तीनदा ओरडले. तुम्ही म्हणालात, "हो हो, इकडेही सगळं ठीक." खालच्या मालकीणबाईंनी मात्र शब्द न् शब्द नीट ऐकला. म्हणून हे पत्र.

छटाक आठवते ना? ह्यांनी आणली तेव्हा दुकानाच्या तागडीत मावेल एवढी होती. जन्मभर तराजू-काटे दुरुस्त केलेल्या माणसाने पिल्लाला वजनाचंच नाव द्यावं, यात नवल नाही. आता ती आठ वर्षांची आहे. वागायला इतकी शहाणी की दार उघडायला मला उशीर झाला तर दारापाशी उभी राहून थरथरेल, पण आत काही करणार नाही. निदान आतापर्यंत असं होतं.

हे एप्रिलच्या सुरुवातीला गेले. तुम्ही दोन आठवडे माझ्याजवळ राहून परत गेलात, त्यानंतर आठ-दहा दिवसांनी पहिल्यांदा झालं. ह्यांच्या कामाच्या टेबलाखाली ती झोपते, तिथली चटई ओली दिसली. वाटलं पाणी सांडलं असेल. वास घेतला, पाणी नव्हतं. मग आठवड्यातून एकदा, मग दोनदा, आता जवळजवळ रोज.

इस्पितळाच्या धुलाईत मला सत्तावीस वर्षं झाली. ओल्या कपड्याची किळस माझी केव्हाच गेली. पण घरात वास राहतो आणि जिन्यात उतरतो. मालकीणबाई मला वाटेत गाठून विचारतात, "तुमच्याकडे कोणी आजारी आहे का हो?" कोण राहतं ते त्यांना चांगलं माहीत आहे.

गेल्या रविवारी मुलगा आला. आत पाऊल टाकलं ते नेमकं ओल्यात. मोजा काढून हातात धरून म्हणाला, "आई, आयुष्यभर लोकांच्या चादरी धुतल्यास, अजून हौस फिटली नाही? आता कुत्रीच्या धुणार?" त्याच्या ऑफिसातल्या एकाचं गावाबाहेर शेतघर आहे, तिथे राखणीला कुत्रा हवा आहे. एकतीस तारखेला गाडी घेऊन येतो आणि छटाकला नेतो, म्हणाला. आठ वर्षं टेबलाखाली झोपलेली कुत्री तिथे उघड्यावर साखळीला बांधणार. मी म्हटलं, ती महिनाभरही जगायची नाही. तो म्हणाला, "आणि तू या ओल्या फरशीवर घसरून पडलीस तर?" त्याचंही चूक नाही. काळजीपोटीच बोलतो.

पण वन्सं, आठ वर्षं न चुकलेलं जनावर एकाएकी चुकायला लागतं, त्याला काहीतरी कारण असणार. ते मी शोधून काढणार आहे. वाचनालयातून कुत्र्यांवरचं एक पुस्तक आणलं होतं. त्यात लिहिलं होतं की कुत्र्याचं नाक त्या ओल्यात घासावं. पुस्तक त्याच दिवशी परत केलं.

तुमच्या माहेरी लहानपणापासून कुत्री होती. असं कधी पाहिलंत का? आठवेल ते लिहा.

तुमची वहिनी

९ जुलै

प्रिय वहिनी,

पत्र पोचलं. तू ओरडत होतीस ते मला वाटलं छटाकला ओरडते आहेस. कानांचं यंत्र आणलं आहे, पण ते घातलं की शेजारच्यांचा पंखासुद्धा डोक्यात फिरतो. शाळेत तीस वर्षं पोरींना शिवण शिकवलं, तेव्हा कलकलाट नको नको व्हायचा. आता कलकलाट नाही, तर करमत नाही.

कारण काय शोधतेस? कारण उघड आहे. दादा गेला. आमचं एक कुत्रं होतं, वडील परगावी गेले की अन्न सोडायचं. छटाक तर दिवसभर दादाच्या पायाशी असायची. आता तू सकाळी सहाला कामावर जातेस ती दोनला येतेस. आठ तास ती बंद घरात रिकाम्या खुर्चीकडे बघत बसते. दुःखाने माणसं काय काय करतात, ती तर मुकं जनावर.

रागावू नकोस, पण मुलाचं ऐक. तुला वाटतं तिला सांभाळणं म्हणजे दादाला सांभाळणं. तसं नसतं ग. मी माझा माणूस गेल्यावर त्याची सायकल चार वर्षं पुसत होते. सायकल गंजायची ती गंजलीच.

आणि अजून एक. दादाचं सामान उपसत बसू नकोस. त्याचं कपाट, त्याचे खण, कागद, आहे ते राहू दे. त्यातून काही निघत नाही, नुसता त्रास होतो.

जेवतेस ना नीट?

तुझी नणंद

१४ जुलै

वन्सं,

जेवते. तुमच्या पत्रातली सायकल मनात राहिली. मला कधी सांगितलं नव्हतंत.

पण छटाक दुःखाने हे करत नाही. मी तपासलं आहे. कसं ते सांगते, हसू नका.

आमच्या धुलाईत जुन्या झालेल्या चादरी बाद करतात. त्यातल्या पाच पांढऱ्या चादरी मुकादमाला विचारून घरी आणल्या आणि आठवड्याची रजा टाकली. एक चादर टेबलाखाली घातली, एक दाराशी, एक माझ्या पलंगापाशी, एक स्वयंपाकाच्या ओट्यासमोर, एक ह्यांच्या खुर्चीखाली. मुकादम म्हणाला, "बाई, रजेतही चादरीच का?"

डाग बघून आम्हाला सगळं कळतं. भांडं कलंडलं असेल तर डाग एका बाजूला पळतो, कडा फाटक्या असतात. पेशंट उठून जाताना सुटलं असेल तर थेंबांची ओळ दिसते. झोपेत झालं असेल तर डाग गोल असतो, अंगाखाली बरोबर मध्ये, आणि त्यात अंगाची घडी उमटलेली असते. ते माणूस जागं होऊन बघतं तेव्हा त्यालाच धक्का बसतो. अशा डागांवरून मी नर्सना सांगितलेलं आहे की अमक्या खाटेवरचा म्हातारा खोटं बोलत नाही, त्याला खरंच कळत नाही.

आठ दिवसांत दाराशी काही नाही. खुर्चीखाली नाही. ओट्यासमोर नाही. ती जिथे गाढ झोपली, फक्त तिथेच. गोल डाग, मध्ये तिचे केस. मी शेजारी बसून पाहिलंसुद्धा. ती झोपेत, मी चहा पीत, आणि चादर हळूहळू ओली होत गेली. जागी झाल्यावर तिने वास घेतला, माझ्याकडे बघितलं आणि टेबलाच्या पायामागे जाऊन तोंड लपवलं. वन्सं, दुःखात असलेलं जनावर असं करत नाही. ज्याला लाज वाटते ते करतं.

मग तिला जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. तरुण मुलगी आहे, पण घाईची नाही. लघवी तपासली. साखर नाही, जंतू नाहीत. पोटावरचा जुना टाका बघून म्हणाली, "हिचं पिल्लं न होण्याचं ऑपरेशन झालेलं आहे. अशा कुत्र्यांना वय झाल्यावर झोपेत गळतं कधी कधी. पण खडाही असू शकतो, कण्याचं दुखणंही असू शकतं, आणि हिच्या हृदयातही थोडा आवाज येतो. अंदाजाने औषध देणार नाही. आधी कधी असं झालं होतं का? तेव्हा काही दिलं होतं का?" मी म्हटलं, कधीच नाही. ती म्हणाली, "मग मोठ्या इस्पितळात फोटो काढावा लागेल." त्याची तारीख मिळाली पाच ऑगस्ट. गाडी येणार एकतीस जुलैला.

डॉक्टर म्हणाली, ऑपरेशन ज्यांनी केलं त्यांचे कागद मिळाले तर बरं. ते डॉक्टर केव्हाच दवाखाना बंद करून गेले. छटाकचं सगळं हेच बघायचे. मी कधी लक्ष घातलं नाही. कागद असले तर ह्यांच्या टेबलाच्या वरच्या खणात असणार, म्हणून काल तो उघडला. तर खण रिकामा. आत नवा कागद अंथरलेला, कोपरे छान दुमडलेले. असे कोपरे आपल्या घरात एकच माणूस दुमडतं.

वन्सं, खणात काय होतं? छटाकचे काही कागद पाहिलेत का?

तुमची वहिनी

१९ जुलै

वहिनी,

खणात काहीही नव्हतं. दादाच्या रक्तदाबाच्या गोळ्या, दोन मोडके स्क्रू-ड्रायव्हर, चष्म्याची काडी. ते आवरलं, कारण तू रोज बघून रडू नयेस. त्याबद्दल कोपरे मोजायची गरज नव्हती. भावाच्या घरातून मी काही नेणारी नव्हे.

कुत्रीचे कागद नव्हते. मुलाला घेऊन जाऊ दे तिला. तू दमली आहेस. दमलेलं माणूस नको ते शोधतं.

तुझी नणंद

२३ जुलै

वन्सं,

मी तुम्हाला चोर म्हटलेलं नाही. म्हणणारही नाही. तुम्ही त्या दोन आठवड्यांत मला भात कालवून भरवलात, ते मी विसरलेले नाही.

पण तुम्ही आठ ओळींचं पत्र लिहिलंत. तुम्ही. नुसती तब्येत विचारायला चार पानं लिहिणाऱ्या. म्हणजे काहीतरी आहे.

तुम्ही ते माझ्यासाठीच लपवलं असणार, हेही मला कळतं. पण माझं ऐका. मी माझ्या माणसाचं तोंड शेवटचं पुसलं आहे. त्यानंतर त्याच्याविषयी कळू नये असं काही उरलेलं नाही. ह्यांनी कोणाकडून काही घेतलं असेल, कोणाला काही दिलं असेल, कुठे आजारी असल्याचं लपवलं असेल, काहीही असेल. ते मी ऐकेन. जे ऐकलं नाही त्याचं काय करायचं ते मला कळत नाही.

आज मुलाचा फोन आला. शेतघराच्या माणसाने खोपट बांधून ठेवलं आहे म्हणे. मी म्हटलं, अजून आठ दिवस आहेत. तो म्हणाला, "आई, आठ दिवसांत काय होणार आहे?" मालकीणबाईंनी जिन्यात फिनेलची बाटली आणून ठेवली आहे, माझ्या दाराकडे तोंड करून. मी ती उचलून वापरली आणि धुऊन परत दिली.

छटाक आता झोपायलाच घाबरते. उभ्या उभ्या डोळे मिटते, पाय लटपटतात, मग दचकून सरळ होते. हे बघवत नाही.

खणात होतं ते सगळं लिहा. लहानसहान वाटेल तेही. लवकर लिहा.

तुमची वहिनी

२६ जुलै

वहिनी,

तुझं पत्र तीनदा वाचलं. लिहिते. उभ्याने वाचू नकोस, बस.

दादा गेल्यावर चौथ्या दिवशी तू आंघोळीला गेली होतीस तेव्हा मी खण उघडला. गोळ्या एका पिशवीत भरल्या. आमच्याकडे एक धर्मादाय दवाखाना आहे, तिथे उरलेली औषधं घेतात, म्हणून येताना बरोबर आणल्या. तिथली औषधं बघणारी बाई एकेक पाकीट वाचून बाजूला ठेवत होती. एक पाकीट तिने दोनदा उलटून पाहिलं. "हे कोणाचं?" मी म्हटलं, माझ्या भावाचं. तर म्हणते कशी, "तुमच्या भावाची पाळी गेली होती का?" मागे रांगेत सहा माणसं. आणि वहिनी, एरवी दारावरची थाप ऐकू न येणाऱ्या मला हे वाक्य मात्र लख्ख ऐकू आलं.

ते बायकांचं औषध आहे. पाळी थांबल्यावर त्रास होतो त्यावरचं. तू आयुष्यात गोळी गिळत नाहीस. डोकं फुटायची वेळ आली तरी कपाळाला फडकं बांधून कामावर जातेस. मग ते कोणासाठी? पाकीट अर्धं संपलेलं. आणि पाकिटात घडी घातलेली चिठ्ठी, दादाच्या अक्षरात: "तिची सकाळी एक. चुकवायची नाही. घरात कळू द्यायचं नाही."

तूच सांग, मी काय समजायचं?

तीन महिने झाले, मी त्या बाईला डोक्यात घेऊन फिरते आहे. तिला मी चेहरासुद्धा दिला. उंच, चष्मेवाली, कुठल्यातरी मोठ्या दुकानात गल्ल्यावर बसणारी, जिथे दादा काटा दुरुस्त करायला जात असेल. रोज सकाळी तू कामावर गेलीस की हा गोळी घेऊन तिच्याकडे जात असेल. तिला स्वतःची गोळी स्वतः आठवत नाही का, असंही मनात यायचं. एकदा तर स्वयंपाक करता करता मी तिच्याशी भांडले, मोठ्याने. शेजारीण बघायला आली.

तुझ्या पत्रात खण आला आणि मी पत्र तिथेच घडी घालून ठेवलं. म्हटलं, कुत्रीच्या निमित्ताने हिच्या हाती ते लागणार. म्हणून तुला तोडून लिहिलं. तुला खणापासून लांब ठेवायला त्या मुक्या जिवालाही घालवायला निघाले होते मी. चुकलं माझं.

पाकीट मी दवाखान्यात ठेवलं नाही, लाज वाटली. परत आणून ट्रंकेत तळाशी घातलं होतं. ते आणि चिठ्ठी यासोबत जलद टपालाने पाठवते. तुला काय करायचं ते कर. रड, त्याला बोल, मला बोल. फक्त एक ऐक, तो माणूस वाईट नव्हता. मी त्याला तू ओळखायच्या आधीपासून ओळखते.

तुझी नणंद

२९ जुलै

वन्सं,

तुमची ती उंच, चष्मेवाली बाई आत्ता माझ्या पायाशी पडली आहे. तिला चार पाय आहेत.

पत्र कालच्या टपालाने आलं. मी तुम्ही सांगितल्याप्रमाणे बसून वाचलं. "तिची सकाळी एक" वाचलं आणि उठले. चप्पल घातली, पाकीट घेतलं, छटाकला घेतलं आणि डॉक्टरकडे गेले. तिने पाकीट बघितलं आणि खुर्चीत मागे टेकली. म्हणाली, "हेच. अशा कुत्र्यांना हेच देतात. माणसांच्या दुकानात मिळतं. आधीपासून चालू होतं? मग तुम्ही बंद का केलंत?"

मी म्हटलं, आम्ही दोघींनी मिळून बंद केलं. आम्हाला माहीत नव्हतं.

डॉक्टर म्हणाली, ह्या गोळीचा असर अंगात दोन-तीन आठवडे राहतो, मग ओसरतो. म्हणून हे गेल्यावर लगेच नाही, तर तुम्ही तुमच्या घरी परतल्यावर सुरू झालं. आता आधी रोज पूर्ण गोळी, मग हळूहळू कमी. फरक पडायला आठवडा, कदाचित दोन. पाच तारखेला फोटोही काढून घेऊ, हृदयासाठी. काल तिथेच पहिली गोळी दिली.

आता चिठ्ठीतल्या शेवटच्या वाक्याबद्दल. "घरात कळू द्यायचं नाही." घरात म्हणजे मला. त्याचं कारण तुम्हाला माहीत नाही, मला माहीत आहे.

छटाक आणली त्या दिवशी मी दारातच ह्यांना म्हटलं होतं, "दिवसभर लोकांचं मूत धुते मी. घरात एकदा जरी दिसलं, तर त्या दिवशी ही बाहेर. मी दुसऱ्यांदा सांगणार नाही." ह्यांनी मान हलवली. दोन वर्षांपूर्वी एकदा मी कामावरून आले तर हे नळावर चटई धूत होते. म्हणाले, काट्याचं तेल सांडलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. आठवडाभर तेल सांडत होतं. मी म्हटलं, हात थरथरायला लागले का तुमचे? हे म्हणाले, हो, वय झालं. वन्सं, मी ते खरं धरलं. धुलाईतली बाई मी, चटईचा वास घेतला असता तर कळलं असतं. घेतला नाही. हे एकटे डॉक्टर शोधत फिरले, गोळी आणली, आणि दोन वर्षं मी सहाला घराबाहेर पडले की तिला देत राहिले. स्वतःचे हात थरथरतात असं ऐकून घेतलं, पण तिला बाहेर जाऊ दिलं नाही.

रडायचं होतं ते काल रडून झालं. मध्येच तुमचं त्या बाईशी भांडण आठवून हसूही आलं. शेजारणीला आता काय सांगणार?

आज दुपारी मालकीणबाईंकडे खाली गेले. सगळं सांगितलं, बायकांची गोळी वगैरे. त्या म्हणाल्या, "मीही तीच घेते हो." मग फिनेलची बाटली त्यांनी आत नेली.

मुलाला फोन केला. म्हटलं, छटाक कुठेही जाणार नाही. तो म्हणाला, "गोळी लागू पडली का?" मी म्हटलं, अजून नाही. तो म्हणाला, "मग मी येतो, आल्यावर बोलू." आता परवा येईल. गोळी तोपर्यंत लागू पडायची नाही. पण मी जे ठरवलं आहे ते गोळीवर ठरवलेलं नाही.

तुम्हाला चुकलं असं वाटू देऊ नका. त्या खणाला तुम्ही कोपरे दुमडलेत, आणि मी आठ वर्षं तो उघडलाच नव्हता.

तुमची वहिनी

४ ऑगस्ट

वन्सं,

मुलगा एकतीसला, रविवारी, सकाळी दहाला आला. नवी साखळी आणि गाडीत अंथरायला प्लास्टिक घेऊन. मी चहा ठेवला. छटाक टेबलाखाली पांढऱ्या चादरीवर गाढ झोपली होती. डॉक्टरने सांगितल्यापासून मी तिच्याजवळ बसून तिला झोपवते, म्हणून आता उभ्याने डुलक्या काढत नाही.

त्याच्यासमोर चिठ्ठी ठेवली. वडिलांचं अक्षर बघून त्याने कप खाली ठेवला. मग मी सगळं सांगितलं, तेलाची चटईसुद्धा. त्याने चिठ्ठी पुन्हा उचलून वाचली. मग म्हणाला, "पण आई, गोळी लागू पडली नाही तर?"

"तर चादरी धुईन."

"आणि घसरलीस तर?"

"मग माझ्यासाठी गाडी आणशील का? शेतघरावर न्यायला?"

"काहीतरीच काय बोलतेस!"

मी म्हटलं, "काहीतरीच नाही. तुझ्या वडिलांनी दोन वर्षं माझ्यापासून लपवलं, कारण मी ऐकून घेणार नाही अशी त्यांची खात्री होती. खरंच घेतलं नसतं. तो हट्ट माझा होता. आता हाही माझाच. ही इथेच राहणार, कोरडी राहिली तरी आणि ओली राहिली तरी. तुला काळजी वाटते तर फरशीवर पाय घसरू नये असली चटई आणून दे. हिला नेऊ नकोस."

तेवढ्यात छटाक उठली. तिच्याखाली चादर ओली होती. तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे, आणि टेबलाच्या पायामागे गेली. आम्ही दोघंही त्या डागाकडे बघत राहिलो. मला वाटलं, झालं, आता हा साखळी उचलणार.

मी चादर ओढली, मोरीत नेली, साबण लावला, खळबळली. मागे बघितलं तर हा दारात उभा, बाह्या दुमडलेल्या. इस्पितळाची चादर जाड असते, वन्सं, ओली झाली की एका माणसाला पिळता येत नाही. इतके दिवस मी नळाला एक टोक गुंडाळून कशीबशी पिळत होते. त्याने दुसरं टोक धरलं.

आणि पिळायला लागला तर मी फिरवते त्याच बाजूला. मी हसले. "अरे, दोघं एकाच बाजूने फिरवत बसलो तर चादर नुसती गोल फिरेल, पाणी नाही निघायचं. तू उलट फिरव." त्याने उलट फिरवलं. पाणी धबाधबा पडलं, त्याचे मोजे भिजले. त्याने मोज्यांकडे बघितलं आणि आणखी एक पीळ दिला.

"किती वर्षं करतेस ग हे?"

"सत्तावीस."

"एकटी?"

"नाही रे. तिथे समोर कोणीतरी असतं."

त्याने हात शर्टाला पुसले आणि चादर झटकायला टोक पुन्हा धरलं.

तुमची वहिनी